उत्तर: ड्रोन नकाशा असताना म्हाताऱ्यांना विचारायचं कशाला?

एकांनी लिहिलंय की शिवारफेरी (आराखड्याआधी गावकऱ्यांसोबत शिवार पायी फिरून बघणं) म्हणजे फोटोपुरता सोपस्कार, ड्रोनचा नकाशा असेल तर गावाच्या पाण्याचा आराखडा घरबसल्या होतो. सोपस्कार होतो हे मान्य. पण नकाशात सगळं येतं हे मान्य नाही.

भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, घ्या. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे गाळ साचला, की उपाय एकच: जेसीबी लावा, खोल करा, घनमीटर मोजा. आता गंमत बघा. तुडुमाच्या (तलावातून पाटाला पाणी सोडायच्या तोंडाच्या) पातळीखाली कितीही खोदलं तरी ते पाणी आपोआप धानाच्या बांधीत (शेतात) उतरत नाही. कागदावर साठा वाढतो, पाटाला थेंब जास्त मिळत नाही. शिवाय काठाचा उथळ भाग खरवडला की पाणवनस्पतींचे कंद जातात, आणि त्यांच्या आधाराने वाढणारे देशी मासेही जातात. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, बायाबापड्यांना तोंडपाठ असतं, पण त्यांना कोणी विचारलं तर ना! ग्रामसभेत त्या मागे बसतात, आणि बोलतो तो ट्रॅक्टरवाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ढिवरांना सभेत नको, तलावाच्या पारीवर (बांधावर) गाठा. तिथे हात दाखवून बोलतात, सभागृहात "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळे होतात. नकाशाही सोबत न्या, त्यावरच खुणा करून घ्या.