जुनी बायनरी नीट चालते, तोच कोड रीकंपाइल केला की डेटा खराब: बग जीलिबसीत आहे का?

मंडळी, एक जुना सी प्रोग्राम आहे, सिरियल पोर्टवरून डेटा वाचून लॉग लिहितो. पंधरा वर्षांपूर्वीची बायनरी (कंपाइल झालेला, थेट चालणारा प्रोग्राम) नवीन सर्व्हरवर टाकली तर एकदम व्यवस्थित चालते. पण त्याच सर्व्हरवर, कोडची एक ओळही न बदलता, परत कंपाइल केला की लॉगमधले आकडे मधेच दोनदा येतात, काही गायबच होतात. ऑप्टिमायझेशन बंद करून पाहिलं, तेच. लायब्ररी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी, तर दोघांना एकच आहे ना, मग?

बिट_बहाद्दर:
बफरमधला वाचून झालेला भाग काढून उरलेला पुढे सरकवायला मेमकॉपी (मेमरीतला डेटा कॉपी करणारं सी फंक्शन) वापरलंय का बघ. सोर्स आणि डेस्टिनेशन एकमेकांवर येत असतील तर मेमकॉपी चालत नाही, मेममूव्हच लागतं, सीच्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय.

कर्नलकट्टा:
बरोबर, पण जुनी बायनरी का चालते ते सांगतो. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्समध्ये फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला होता, कारण इंटेलकडून आलेलं नवं वेगवान मेमकॉपी काही वेळा मागून पुढे कॉपी करायचं आणि फ्लॅश ओव्हरलॅप असताना तेच वापरत होतं. स्टँडर्डप्रमाणे चूक फ्लॅशची, तरी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी त्या बगच्या नोंदीवर ठामपणे मांडलं की ज्याचा आवाज बिघडला त्या माणसाला स्टँडर्डशी काय देणंघेणं. मग जीलिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीची नवी सिम्बॉल व्हर्जन (त्याच नावाच्या फंक्शनची वेगळी आवृत्ती) आली, आणि २.२.५ ची जुनी व्हर्जन मागणाऱ्या बायनरीला आतून मेममूव्हच मिळायला लागलं. म्हणजे लायब्ररी एक असली तरी तुझ्या दोन बायनरी दोन वेगळी फंक्शन्स बोलावतायत. ऑब्जडम्पला (बायनरीच्या आतलं दाखवणारं टूल) मोठा टी देऊन बघ, दिसेल.

मला हा मार्ग फार आवडतो, वेग नव्यांना मिळाला आणि ज्यांचा सोर्सच कुणाकडे उरला नाही ते प्रोग्रामही वाचले. क्यूसॉर्ट या सॉर्टिंगच्या फंक्शनचंही तसंच झालं, आतला मर्जसॉर्ट (समान घटकांचा क्रम टिकवणारी पद्धत) काढला होता, पण कितीतरी प्रोग्राम समान घटकांचा क्रम टिकेल असं धरून चाललेले निघाले, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये, जीलिबसी २.३९ रिलीज व्हायच्या आधीच तो परत आणला, स्टँडर्डने तसं वचन कधीच दिलेलं नसताना.

बिट_बहाद्दर:
हे मान्य, पण त्यामुळे असे बग वर्षानुवर्षं झाकून राहतात हेही खरंच. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून एकदा चालव, नेमकी ओळ दाखवेल.

प्रश्नकर्ता:
लावलं, लगेच सापडलं! बफर सरकवणाऱ्या फंक्शनमध्येच मेमकॉपी होतं, मेममूव्ह केल्यावर कालपासून लॉग एकदम स्वच्छ. ऑब्जडम्पमध्ये पण जुनीत २.२.५ आणि नवीत २.१४ दिसतंय. त्याच फाईलमध्ये पुढची स्पेस काढायला स्ट्रकॉपी (स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन) त्याच स्ट्रिंगवर चालवलंय, तेही बदलतोय.

कर्नलकट्टा:
तिथे मेममूव्ह टाकताना लांबीत एक मिळव, नाहीतर स्ट्रिंग संपल्याचं सांगणारा शेवटचा शून्य बाइट मागेच राहील.