मदत हवी आहे: बिशपांच्या कोट ऑफ आर्म्सची (ढालीच्या मानचिन्हाची) एम्ब्रॉयडरी

प्रश्न (सोलापूर): चर्चच्या बॅनरवर १२ इंची चिन्ह भरायचंय. मिळालेली प्रत झेरॉक्स, काळी-पांढरी. ढालीच्या अर्ध्या भागात आडव्या रेघा, अर्ध्यात ठिपके. ते तसेच भरायचे का? ढालीच्या वरच्या टोपीचे गोंडे पुसट आहेत, किती धरायचे? बॅनर दोन्ही बाजूंनी दिसणार, मागे मिरर केलं तर चालेल ना?

उत्तर १: रेघा-ठिपके भरू नका. ती नक्षी नाही, रंगांची खूण आहे, १७व्या शतकापासूनची. आडव्या रेघा निळा, उभ्या लाल, ठिपके सोनेरी म्हणजे पिवळा, कोरी जागा चांदी म्हणजे पांढरा. झेरॉक्स आडवी फिरवून स्कॅन केली तर निळ्याचा लाल होतो, तेवढं सांभाळा. पडताळा सोपा आहे: पिवळ्यावर पांढरं किंवा लालावर निळं चिन्ह येत असेल तर बहुधा कुठेतरी चुकलंय.

टोपी आणि गोंडे हिरवे. बिशपांना दर बाजूला ६: वरून ओळींत १, २, ३. आर्चबिशपांना १०, आणि ढालीमागच्या क्रूसाला दोन आडव्या दांड्या. कार्डिनलांची टोपी लाल, गोंडे दर बाजूला १५. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, तेव्हा तिथल्या बिशपांचं चिन्ह असेल तर ६ गोंडे आणि एकाच दांडीचा क्रूस. नेटवरून टोपी उचलू नका, कार्डिनलांचीच हिरवी रंगवून ठेवलेली असते. जुन्या नमुन्यांत ढालीवर मायटर (बिशपांची टोकदार टोपी) आणि दंडही दिसतात. १९६९ पासून ते काढलेत.

उत्तर २: मिरर नको. उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, त्यामुळे मानाची बाजू आपल्या डावीकडे येते. ढाल उभी विभागलेली असेल तर त्या मानाच्या बाजूला धर्मप्रांताचं चिन्ह, आपल्या उजवीकडे बिशपांचं स्वतःचं. उलटलं की दोघांच्या जागा बदलतात, ब्रीदवाक्यही उलटं. मागच्या बाजूसाठी तोच तुकडा पुन्हा भरा आणि पाठीला पाठ लावून शिवा.

आतल्या खुणा अंदाजाने बदलू नका. तारा सहसा मरियेचा; सॉफ्टवेअरमधला पाच टोकांचा टाकण्याआधी मूळ टोकं मोजा. बिशप हाऊसकडून ब्लेझन, म्हणजे चिन्हाचं लेखी वर्णन मागवा. चित्र आणि वर्णन जुळलं नाही तर वर्णन खरं.

उत्तर ३: सोनेरीसाठी जरीचा धागा लागत नाही, साधा पिवळा धागा नियमात बसतो आणि तुटतही नाही. ब्रीदवाक्याची अक्षरं ५ मिमीहून लहान नकोत, पोटं बुजतात. साटिन टाका (एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारा सलग टाका) ७ मिमीच्या पुढे गेला की अडकून उसवतो; टोपीचा काठ फिलमध्येच (लहान टाक्यांच्या ओळींनी) भरा.