कोड रिव्ह्यूमधला अपमान थांबवायला सगळ्यांचं चॅट वाचायची गरज आहे का?

अनगोळचा बॅकएंडवाला

आमच्या ऑफिसात नुकतीच एक सूचना फिरली. यापुढे टीमचं चॅट आणि पुल रिक्वेस्टवरच्या (आपला कोड तपासून घ्यायला टाकतो त्या विनंतीवरच्या) कॉमेंट एका सॉफ्टवेअरमधून जाणार, बोलण्याचा सूर तपासला जाणार आणि जे खटकेल ते एचआरकडे जाणार. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअरही त्याच सूचनेतून आलं. कंपनीचं नाव घेत नाही. पुण्या-बेंगळुरूच्या किंवा परदेशी क्लायंटचं काम करणाऱ्या अशा लहान कंपन्या बेळगावात आता बऱ्याच आहेत.

यामागचं कारण खरं आहे, ते आधी सांगतो. नव्याने लागलेल्या एका मुलीच्या कोडवर टीमच्या लीडने लिहिलं, "कॉलेजात काय शिकलीस? असलं वाचायचा मला पगार मिळत नाही." चूक होती का? होती. प्रत्येक ऑर्डरसाठी लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) आतून डेटाबेसला वेगळी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, जात होती. त्यावर एवढंच पुरलं असतं: "क्वेरी लूपच्या बाहेर काढ, सगळ्या ऑर्डर एकदम आण. दोनशे ऑर्डर असतील तर आत्ता दोनशे फेऱ्या होतायत." यात चूक दिसते, कारण कळतं आणि उपायही मिळतो. लीडच्या वाक्यातनं तिला काय कळलं? असं वरचेवर व्हायला लागल्यावर तिने नोकरी सोडली.

ती कॉमेंट सगळ्या टीमला दिसत होती. ती हुडकायला कुठलंच यंत्र लागत नव्हतं. लागत होता तो लीडला तिथल्या तिथे टोकणारा एक सीनिअर. ते झालं नाही, म्हणून आता सरसकट सगळ्यांच्या बोलण्यावर पाळत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलं. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्या कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश. पण खासगी नोकरीत त्याचा थेट आधार मिळणं अवघड. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमती न घेता माहिती वापरायची मुभा कलम ७ मध्ये ठेवलीय. म्हणजे कायदा आपल्यासाठी धावून येईल या भरवशावर बसता येत नाही, आपणच बोलायला पाहिजे. मी या पाळतीच्या विरोधात आहे.

उद्यमबाग टेस्टर

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही ते लीडच्या खुर्चीजवळ बसून बघताय. मी टेस्टिंगला आहे. बग नोंदवला की डेव्हलपर काय काय बोलतात ते मला विचारा. मीटिंग रूममध्ये बोललेलं हवेत विरतं. माझं ऐकलं गेलं ते केवळ एका वेळी समोरच्याने चॅटवर लिहिलं म्हणून. लिहिलेलं होतं, तारीख-वेळ होती, त्यामुळे कुणाला "तिचा गैरसमज झाला" म्हणता आलं नाही.

आणि हे बेंगळुरू नाही. इथे एचआरवाला लीडचा वर्गमित्र निघतो, लीड आपल्या मावशीच्या शेजारी राहतो. तक्रार केली तर संध्याकाळी गणपत गल्लीत भाजी घेताना तोच समोर येतो, आणि चार दिवसांत घरी विषय निघतो, "कशाला वाकड्यात शिरलीस?" अशा गावात नव्या मुलीने स्वतः उठून तक्रार करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. तिच्याऐवजी एखाद्या यंत्राने हात वर केला तर मला चालेल. खासगीपणा नेमका कुणाचा जपायचाय, टोचून बोलणाऱ्याचा?

लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असली की समिती बंधनकारक आहे. रोजच्या पाणउताऱ्यासाठी काय आहे? आयटी कंपन्यांना स्टँडिंग ऑर्डर्स कायद्यातनं (नोकरीच्या अटी लेखी ठरवायला लावणारा कायदा) सूट देताना कर्नाटक सरकारने तक्रार निवारण समितीची अट घातली होती. तुमच्यापैकी किती जणांनी ती समिती डोळ्यांनी बघितलीय?

टिळकवाडी सीनिअर

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. इतकं हळवं होऊन सॉफ्टवेअर बनत नाही. लिनक्स कर्नल बघा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याचा कर्ता टॉरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना मेलवर झोडपत आला आणि जगातले बहुतेक सर्व्हर आज त्यावर चालतात. रात्री दोनला प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) पडतं तेव्हा क्लायंट गोड बोलत नाही. कडक रिव्ह्यू झालेला माणूस दोन वर्षांत तयार होतो. ज्याला सगळे सांभाळून घेतात तो पाच वर्षांनी तीच लूपमधली क्वेरी लिहितो.

अनगोळचा बॅकएंडवाला

सर, उदाहरण तुम्हीच दिलंय तर पुढचंही सांगायला पाहिजे की. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच टॉरवाल्ड्सने आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम बाजूला ठेवलं, आणि त्याच सुमारास कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये तो परत आला. त्यानंतरही कर्नलच्या आवृत्त्या दर नऊ-दहा आठवड्यांनी येतायत आणि वाईट पॅच (सुचवलेला कोडबदल) आजही परत जातो. कडकपणा कोडवर असतो, माणसावर नाही. तुम्ही ज्याला कडक रिव्ह्यू म्हणताय त्यात "कॉलेजात काय शिकलीस" कुठे बसतं?

निपाणीहून रिमोट

सूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर ज्यांचा भरवसा आहे त्यांनी एक्सझेडचं प्रकरण नीट वाचावं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

एक्सझेड ही कॉम्प्रेशनची, म्हणजे डेटा आवळून लहान करायची लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती लासे कॉलिन नावाचा माणूस बहुतांशी एकटा, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये 'जिगर कुमार', 'डेनिस एन्स' अशा नावांनी त्याच्यावर टोचरे मेल यायला लागले. काम रखडलंय, तुम्हाला रस उरला नाही, दुसरा मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) नेमा. आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास आहे हे कॉलिनने उघड लिहिलं, तरी टोचणी चालूच राहिली. त्याच काळात 'जिया टॅन' नावाने एक जण नियमित पॅच पाठवत होता, वागायला सभ्य, कामात चोख. थकलेल्या कॉलिनने हळूहळू त्याच्या हातात अधिकार दिले. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच नावाने चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) घुसवलं गेलं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने मुळापर्यंत जाऊन शोधलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. आधी टोचणारी ती नावंही याच डावातली बनावट नावं असावीत, असं आता बहुतेक जण मानतात.

यातनं मला दोन गोष्टी दिसतात. सीनिअर सरांना सांगायचंय की उद्धटपणाने माणूस घडतोच असं नाही, कधी तो मोडतो आणि किल्ल्या भलत्याच्या हातात जातात. टेस्टर ताईंना सांगायचंय की तुमचं यंत्र जिगर कुमारला पकडेल, पण जिया टॅनला पैकीच्या पैकी गुण देईल. आपल्या चॅटमध्ये तर एका ओळीत मराठी, कन्नड नि इंग्रजी, तेही रोमन लिपीत. त्यातला सूर त्याला कसला कळणार? ओरडल्यासारखं वाटणारं वाक्य मैत्रीतलं असतं, आणि खरा टोमणा अगदी शुद्ध इंग्रजीत येतो.

खानापूरकर

एक्सझेडनंतर काही जण म्हणायला लागले की खऱ्या नावाशिवाय कुणाचा कोडच घेऊ नका. त्याला माझा ठाम विरोध आहे. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, नाव आणि ईमेल चिकटतो. नंतर बदलायचा म्हटलं तर पुढचे सगळे हॅश (नोंदींचे ओळख-क्रमांक) बदलतात, आणि ज्यांनी कॉपी घेतलीय त्यांच्याकडे जुनं तसंच राहतं. गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायची साइट) ईमेल झाकायची सोय आहे, नवीन पोरांनी पहिल्या दिवशी ती चालू करावी. सीमाभागात आडनाव बघून लोक आधी भाषा ठरवतात, मग कोड वाचतात. मला हे दोन्हीकडून सोसावं लागलंय, बेंगळुरूच्या टीममध्ये आणि पुण्याच्याही. टोपणनावाने पाठवलेल्या पॅचवर फक्त पॅचबद्दल बोलणं झालं.

शहापूरचा छोटा मालक

मालकाची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे वीसेक माणसं आहेत. क्लायंटच्या करारात 'देखरेख' असा शब्द असतो. ऑडिटला दाखवायला काही नसलं तर प्रोजेक्ट हातचा जातो. मग माझी माणसं पुन्हा पुण्याला खोली शोधत फिरणार. आईवडिलांजवळ राहून काम मिळावं म्हणूनच ही कंपनी बेळगावात काढली. स्क्रीनशॉटने माझा जीव सुखावतो असं नाही, पण पर्याय सांगा.

अनगोळचा बॅकएंडवाला

साहेब, करार पुन्हा उघडून वाचा. ऑडिटला बहुतेक वेळा लागतं ते हे की कुठल्या सर्व्हरवर कोण, कधी शिरलं, कुणी कुठला डेटा उतरवला. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदींत) मिळतं. स्क्रीनशॉटमध्ये काय येतं? माझं बँक खातं, वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट, आणि क्लायंटच्या ग्राहकांची माहितीसुद्धा. म्हणजे जो डेटा सांभाळायचा, त्याच्या हजारो प्रती तुम्ही स्वतः बनवून तिसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवताय. वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर २०२३ च्या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं लागू व्हायला त्यात १८ महिने दिलेत. तयारी आत्ताच करायला पाहिजे.

आणि विचारून घ्यायला काय हरकत आहे? २०२३ मध्ये गूगलच्या गो या प्रोग्रामिंग भाषेच्या टीमने वापराची माहिती आपोआप गोळा करायचा प्रस्ताव आणला. लोकांनी विरोध केल्यावर 'ज्याला पाठवायचीय त्याने स्वतः चालू करावं' असा बदल केला, आणि तेच पुढे गोच्या १.२३ आवृत्तीत आलं. गूगलला जमतं ते आपल्याला का जमू नये? जिथे संमती घ्याल तिथे सूचना मराठीत आणि कन्नडमध्येही वाचायची सोय द्यावी लागेल. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांसाठी कायदाच तसं सांगतो.

उद्यमबाग टेस्टर

स्क्रीनशॉटबद्दल मी तुमच्या बाजूने. घरात आई मागून फिरते, पोर मांडीवर असतं, ते कुणी का बघावं?

चॅटबद्दल मात्र मी मागे हटणार नाही, फक्त थोडं वेगळं म्हणते. नोंद राहू दे, ती मिटवायचा अधिकार लीडला नको. पण रोज कुणी वाचत बसायचं नाही. तक्रार आली की तक्रार करणाऱ्याच्या परवानगीने तेवढाच भाग उघडायचा, आणि उघडणाऱ्यांत एक माणूस कंपनीबाहेरचा हवा. बाहेरचा म्हणजे खरोखर बाहेरचा, एचआरचा मेहुणा नव्हे.

टिळकवाडी सीनिअर

बाहेरच्या माणसाचं मला पटतंय. पण प्रत्येक कडक कॉमेंटवर तक्रार व्हायला लागली तर रिव्ह्यू करायला कोण पुढे येईल? उद्या सगळे डोळे झाकून 'अप्रूव्ह' दाबतील.

अनगोळचा बॅकएंडवाला

सर, कॉमेंट कोडबद्दल असली तर तक्रार टिकणारच नाही. व्हेरिएबलचं नाव चुकलंय, टेस्ट नाहीत, हा डिझाइनच टाकाऊ आहे, हे सगळं म्हणा. सोमवारी मी मॅनेजरना लेखी देणार आहे: स्क्रीनशॉट बंद करा, सूर तपासणारं सॉफ्टवेअर काढा, आणि ताईंनी सांगितलेली समिती बसवा. आमच्याच ऑफिसातले कुणी इथे वाचत असतील तर सही करायला या.

उद्यमबाग टेस्टर

त्या अर्जात नोकरी सोडलेल्या मुलीचं नाव किंवा ती कॉमेंट घालू नका. घालायचीच असेल तर आधी तिला फोन करून विचारा. आणि लीडनाही अर्ज अगोदर दाखवा, त्यांना बाहेरून कळायला नको.