मुलांसोबत बासची मासेमारी: आधी काठ की थेट छोटी होडी?

दोन_मासोळ्या (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. या उन्हाळ्यात दोघांना गोड्या पाण्यातल्या बास या माशाची मासेमारी शिकवायची आहे. माझा स्वतःचा अनुभव दोनच हंगामांचा. ओळखीत एकांकडे वल्ह्यांची छोटी होडी आहे, ती मिळू शकते. मुलगा होडीसाठी हटून बसलाय आणि त्याला व्हिडिओत पाहिलेली, तीन टोकांचे गळ लावलेली रंगीत आमिषंच हवीत. मुलीची अट वेगळी आहे: माशाला दुखवायचं नाही आणि लगेच सोडायचं. काठावरून सुरुवात करू की होडीतून? रॉड कोणता घेऊ, आमिष कोणतं? आणि मुलीला काय सांगू?

जुना_गळ
काठ. पहिला हंगाम काठावरच काढा. कंटाळलेल्या मुलाला होडीतून जायला जागा नसते. काठावर तुमची मुलगी वीस मिनिटांनी बेडूक बघायला पळाली तरी चालतं, आणि अर्ध्या तासाने ती आपणहून परत रॉड मागते. माझ्या दोन्ही मुलांबाबतीत हेच झालं.

शिवाय बासला खोल पाणीच लागतं असं नाही. तो दबा धरणारा शिकारी आहे. पाणवनस्पतींची कड, पाण्यात पडलेलं झाड, धक्क्याखालची सावली, ओहोळ तळ्याला मिळतो तो कोपरा, असा आडोसा त्याला हवा असतो, आणि हे सगळं काठालाच असतं. म्हणून मुलांना समोर लांबवर फेकू देऊ नका, काठाला समांतर फेकायला शिकवा. आमिष सगळा वेळ कामाच्या पाण्यातून जातं. पहाटे आणि सूर्य कलल्यावर जा. दुपारी जायचं झालं तर फक्त सावली धुंडाळा. काठावर धावायचं नाही हेही आधी सांगा, पावलांचे हादरे माशाला अंगावरच्या पार्श्वरेषेतून कळतात.

मुलीला मात्र बासच्या मागे लावू नका. लहान गळ, त्याच्या वर शिशाऐवजी पोलादाचा छर्रा, गांडुळाचा नखाएवढा तुकडा आणि तरंडा, म्हणजे दोऱ्यावरची तरंगणारी खूण. ब्लूगिल लागतील. तो बासच्याच सनफिश कुळातला मासा आहे, आणि तरंडा बुडताना डोळ्यांनी दिसतो. या वयात तेवढं पुरतं.

निळा_तरंडा
+१. रॉडबद्दल: दोघांना पाच फुटांच्या आसपासचा रॉड आणि बटण दाबून दोरा सुटणारं बंद तोंडाचं रील. त्यात गुंता कमी होतो. दोरा साधा नायलॉनचा, ८ पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. बासला पुरतो आणि ताणला की थोडा लवचतो, त्यामुळे मुलाने हिसका दिला तरी माशाचं तोंड फाटत नाही. खेळण्यातले कार्टूनवाले रॉड घेऊ नका, पहिल्याच बऱ्या माशाला त्यांचं रील अडकतं.

पाण्यावर जाण्याआधी आठवडाभर मैदानात सराव घ्या. दोऱ्याच्या टोकाला गळ नको, रबरी वजन बांधा, जमिनीवर कडं ठेवा आणि त्यात टाकायला लावा. रॉड मागे नेण्याआधी मान वळवून बघायची सवय इथेच लागते. तळ्यावर गेल्यावर टोपी आणि चष्मा सगळ्यांना, तुम्हालाही.

दोन_मासोळ्या (धागाकर्ती)
दोघांचे आभार. मुलाच्या रंगीत आमिषांचं काय करू? तो गांडुळावर समाधान मानणार नाही.

वल्हं_आणि_वारा
तीन टोकांचे गळ निदान या वर्षी नकोतच. मासा फडफडला की एक टोक त्याच्या तोंडात आणि दुसरं मुलाच्या बोटात जातं. अशी आमिषं घेतलीत तर ते गळ काढून एकेरी बसवा.

त्यापेक्षा मुलाला वॅकी रिग द्या. पाचेक इंचांचा मऊ प्लास्टिकचा जाड किडा, गळ बरोब्बर मधोमध आडवा, वजन काही नाही. फेकायचं आणि काहीही करायचं नाही. किडा दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जातो, आणि नेमकं तेच बासला आवडतं. मोठी माणसं उगाच रॉड हलवत राहतात. मुलं मात्र दहा आकडे मोजायला सांगितलं की मोजतात, म्हणून हे त्यांना आमच्यापेक्षा बरं साधतं.

एक गोष्ट मात्र नीट शिकवा. बास आमिष चावून ओढत नाही. तो जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. हाताला जाणवतो फक्त एक हलका टिचका, कधी तेवढाही नाही. म्हणून नजर दोऱ्यावर हवी. दोरा टिचकला, आडवा सरकला किंवा अचानक ढिला पडला की लगेच रील फिरवून ढिला दोरा ओढायचा आणि रॉड उचलायचा. लक्ष दुसरीकडे असेल तर मासा गळ गिळून बसतो आणि मग तुमच्या मुलीची अट पाळणं अवघड जातं.

गळ खोल गेलाच तर उपटू नका. दोरा गळाजवळ कापा आणि मासा सोडा.

काठावरची_आई
मुलीच्या प्रश्नावर मला लिहायचंय, कारण माझ्या मुलीने हेच विचारलं होतं. अजिबात लागत नाही असं तिला सांगू नका. गळ टोचतो हे तिला दिसतंच. मी सांगितलं की आपण इजा कमीत कमी ठेवू, आणि ते काम तिच्याकडेच सोपवलं. गळाचा उलटा काटा पकडीने चेपायचा, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. मासा पाण्याबाहेर असेपर्यंत तिने स्वतःचा श्वास रोखून धरायचा. श्वास सुटायच्या आत मासा पाण्यात. हा नियम ती आमच्यापेक्षा कडक पाळते.

बासचे दात पॉलिश कागदासारखे खरखरीत असतात, त्यामुळे खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच, नुसत्या जबड्यावर आडवा तोलू नका. पाठीवरच्या पराचे काटे टोचतात, तिथे हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचा.

वसंतात पाणी १५ ते २० अंशांवर आलं की उथळात गोल साफ केलेली घरटी दिसतील. अंड्यांवर आणि पिल्लांवर नर पहारा देतो. त्याला उचललं तर ब्लूगिल येऊन अंडी खातात. आम्ही तिथे गळ टाकत नाही, लांबून बघतो.

सोडण्याआधी स्थानिक नियम मात्र वाचा. बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानच्या बिवा सरोवरात तो बाहेरून आला आणि तिथे पकडलेला बास परत सोडायला बंदी आहे. याच सरोवरात २००९ साली मानाबू कुरिता यांनी धरलेल्या लार्जमाउथने (मोठ्या तोंडाचा बास) जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली, दोन्ही १० किलोंच्या किंचित वर. मुलाला सांगा, त्याला आवडेल.

वल्हं_आणि_वारा
होडीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १० वर्षांच्या मुलाला न्यायला हरकत नाही, पण एका मोठ्या माणसामागे एकच मूल. दोघांना एकटीने नेऊ नका. सपाट बुडाची होडी असेल तरच, कनू (अरुंद, निमुळती होडी) फार डुलते. उभं राहायचं नाही, मासा लागला तरी बसूनच. नांगर कायम पुढच्या टोकाला, मागून टाकलात तर लाटा मागून आत येतात. वारा नसताना, काठाच्या हाकेच्या अंतरात, जास्तीत जास्त दोन तास. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं असावं, पट्टे आवळून खांद्यांना धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. वसंतात हवा उबदार लागली तरी पाणी गारठलेलं असतं, म्हणून काठ सोडण्याआधीच घालायचं.

दोन_मासोळ्या (धागाकर्ती)
तीन आठवड्यांनी लिहितेय. काठावर चार वेळा गेलो. मुलीला सात ब्लूगिल, सगळे श्वासाच्या आत सोडले. मुलाला दोन वेळा काहीच नाही, तिसऱ्यांदा धक्क्याच्या सावलीत वॅकीवर वीतभराचा लार्जमाउथ. जबडा डोळ्याच्या मागे जातो का (लार्जमाउथची खूण), हे त्याने आधी तपासलं आणि मग मला हाक मारली.

रविवारी मी आणि तो, दोघंच होडीतून जातोय. मुलगी तिच्या बाबाबरोबर काठावर, पण तिलाही जॅकेट घालणार आहे. तिच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा नाही. तो असलेलंच घेऊ का?

काठावरची_आई
हो, या वयाला तो पट्टा हवाच. नवीन आणलंत की उथळ पाण्यात घालून तिला एकदा तरंगू द्या, तोंड वर राहतंय ना ते बघा.