मदत हवी आहे: यंदाचं, खरोखर नवीन असलेलं ख्रिसमसचं गाणं सुचवा (हॉस्पिटलच्या क्वायरसाठी)

मंद्रसप्तक:

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात, लीड्सच्या जवळ एका सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. आमचा स्टाफचा क्वायर (गायकवृंद) आहे. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत एका हातात सँडविच धरून प्रॅक्टिस चालते. नाताळच्या आधीच्या आठवड्यात मुख्य दाराशी गातो, मग वॉर्डांच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये. 'सायलेंट नाइट', 'हार्क द हेरल्ड' वगैरे नेहमीची मंडळी सप्टेंबरपासून बसवली आहेत. पण यादीत एक जागा "या वर्षीचं नवीन गाणं" म्हणून रिकामी ठेवायची आमच्या क्वायर घेणाऱ्या बाईंची पद्धत आहे, आणि २०२४चं ते गाणं शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मला वाटलं, सोपं आहे. स्पॉटिफाय उघडायचं, 'न्यू ख्रिसमस' शोधायचं, झालं. तर तिथे नवीन म्हणून जे येतं त्यातलं निम्म्याहून जास्त नवीन नसतंच. जुन्या गाण्यांना नवा आवाज दिलेला. जेनिफर हडसनचा 'द गिफ्ट ऑफ लव्ह' ऑक्टोबरमध्ये आला. बाईच्या आवाजाबद्दल बोलायची माझी पात्रता नाही, पण मला हवं तसं त्यात फार थोडं आहे. मला नव्याने लिहिलेलं, नव्या चालीचं गाणं हवंय.

बरं, इथे रेडिओ लावावा तर तिथेही तेच. 'व्हॅम!' या जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' १९८४चं. त्या वर्षी 'बँड एड'च्या गाण्याने त्याला दुसऱ्या नंबरवर रोखलं, आणि गेल्या वर्षी, म्हणजे ३९ वर्षांनी, ते पहिल्यांदा नाताळच्या आठवड्यात एक नंबरला पोचलं. लोक इथे 'व्हॅमागेडन' नावाचा खेळ खेळतात: १ डिसेंबरपासून २४ तारखेपर्यंत ते गाणं कानावर पडलं की तुम्ही बाद. आमच्या एक्सरेतला एकजण गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये बाद झाला. तिकडे अमेरिकेतही तीच कथा. ब्रेंडा लीने 'रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री' १९५८मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी गायलं. ते तिथे एक नंबरला आलं २०२३मध्ये.

अडचणी लिहून ठेवते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. सोप्रानो (वरच्या पट्टीतल्या बायका) भरपूर. ऑल्टो (खालच्या पट्टीतल्या) बऱ्या. पुरुष दोनच, आणि दोघेही बास (खर्जातले) म्हणवतात. एक बास, दुसरा नुसता हळू गातो. टेनर (वरच्या पट्टीतला पुरुष) नाही. साथीला कीबोर्ड. वेळ फार नाही, त्यामुळे चार भागांची गुंतागुंत नको, सगळ्यांनी एका सुरात गाऊन शेवटी थोडी हार्मनी चालेल. ऐकणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे पेशंट, नातेवाईक, शिवाय नाइट शिफ्ट संपवून घरी निघालेले लोक. दारूचे उल्लेख आणि फार लाडीगोडीची प्रेमगीतं नकोत. २०२१च्या पुढचं असेल तर मी "नवीन" म्हणून खपवू शकेन. २०२४चंच असेल तर उत्तम.

कोमलनिषाद:

'क्रिसमस मॅजिक' ऐका, आइसलँडच्या लेवेचं. नुकतंच आलंय. जुन्या जॅझच्या वळणाचं आहे पण गाणं नवीन. तिचाच आवाज खालच्या पट्टीतला असल्यामुळे ऑल्टोंना एकदाचा न्याय मिळेल.

आणि मागच्या वर्षी तिने नोरा जोन्सबरोबर (आपल्या पंडित रविशंकरांची लेक) 'बेटर दॅन स्नो' केलं होतं. माझं मत विचाराल तर ते जास्त गोड आहे. दोघींचे आवाज एकमेकींना खेटून चालतात, कोण कुठली ओळ घेतंय ते कळत नाही. ऑल्टो-सोप्रानो दोन गट करून मस्त होईल.

मंद्रसप्तक:

'बेटर दॅन स्नो' ऐकलं, फारच सुंदर. पण कोमलताई, ते दोन माणसांनी कुजबुजल्यासारखं गायचं गाणं आहे. वीसेक जण कुजबुजले की ती कुजबुज राहत नाही. कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांचा आवाज असतो, त्यात ते बुडून जाईल. 'क्रिसमस मॅजिक' बाईंना पाठवते.

ढोलताशा_पुणे:

एवढी शोधाशोध करायची तर तिथल्या लोकांना दिवाळीची गाणी शिकवा की. आपलं कोण गाणार?

मंद्रसप्तक:

दिवाळीत शिकवली. "दिन दिन दिवाळी"वर त्या दोन बासांनी धमाल केली होती. आता नाताळाचं सुचवा.

साडेआठचा_रेडिओ:

तुम्ही पॉपमध्ये शोधताय म्हणून सापडत नाही असं माझं प्रामाणिक मत. नवीन कॅरल (नाताळचं भक्तिगीत) दरवर्षी नेमाने जिथे जन्माला येतं ती जागा तुमच्याच देशात आहे. केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १९१८पासून २४ डिसेंबरला तिथे बायबलमधली नऊ वाचनं आणि कॅरलची उपासना होते, १९२८पासून बीबीसी ती रेडिओवर देते. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मी पुण्यात दरवर्षी ऐकतो, घरचे जेवायला थांबतात आणि बोलणी बसतात. तर १९८३मध्ये तिथले संगीत दिग्दर्शक स्टीफन क्लिओबरी यांनी ठरवलं की दरवर्षी एका हयात संगीतकाराकडून नवीन कॅरल लिहून घ्यायचं. जॉन रटर यांचं 'व्हॉट स्वीटर म्युझिक' १९८७चं, त्यातलंच. शब्द सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हेरिकचे, चाल नवी. अर्वो पार्ट यांचं १९९०चं आहे, ते सुरू होतं म्हणेपर्यंत संपतं, पण काय संपतं! क्लिओबरी गेले, त्यांच्या जागी डॅनिअल हाइड आले, प्रथा चालू राहिली. गेल्या वर्षी शेरिल फ्रान्सिस-होड यांचं 'द क्रेडल' होतं.

पहिलं कॅरल एकच मुलगा एकट्याने, साथीशिवाय सुरू करतो, 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी'. कोण गाणार ते आयत्या वेळी ठरतं, प्रसारणाचा लाल दिवा लागायच्या तोंडावर. ती ओळ ऐकताना मला अजूनही घाम फुटतो.

मंद्रसप्तक:

साडेआठ, माहिती एक नंबर. 'व्हॉट स्वीटर म्युझिक' आमच्या बाईंचंही लाडकं आहे. पण ते चार भागांत, दमदार टेनर असलेल्यांनी गायचं. आमच्याकडून ते म्हणजे पुरणपोळी लाटायला घेऊन थालीपीठ होणार. शिवाय १९८७ला नवीन कसं म्हणू?

साडेआठचा_रेडिओ:

थालीपीठही वाईट नसतं. पण समजलं.

स्टेटन_आयलंडची_काकू:

सॅम रायडर! तुमच्याकडचाच ना तो, २०२२च्या युरोव्हिजनमध्ये 'स्पेस मॅन' गाऊन दुसरा आलेला, लांब केसांचा? 'यू आर क्रिसमस टू मी', २०२३. तेव्हा नाताळच्या आठवड्यात दोन नंबरला होतं, त्या 'लास्ट ख्रिसमस'च्याच खाली. नवीन गाण्यांत इतकं वर गेलेलं हल्ली दुसरं चटकन आठवत नाही. टाळ्या वाजवत गायचं गाणं आहे. आमच्या मंडळाच्या मुलांनी बसवलंय, दुसऱ्या कडव्यापासून प्रेक्षक आपोआप सामील होतात.

शेर या गायिकेचं 'डीजे प्ले अ क्रिसमस साँग' सुद्धा मागच्या वर्षीचं. ७७व्या वर्षी बाईने पहिला ख्रिसमस अल्बम काढला! पण ते नाचायचं आहे, कॉरिडॉरमध्ये पेशंटला घेऊन नाचणार असाल तर बघा.

मंद्रसप्तक:

फिजिओ असल्यामुळे पेशंटला नाचवणं हे माझं कामच आहे, पण नको :)

सॅम रायडर यादीत घेतला. आवाज फार वर नेतो तो, आम्हाला तीन-चार सूर खाली आणावं लागेल. २०२४चं काही?

कोपऱ्यातला_पियानो:

एड शीरनचं 'अंडर द ट्री' ऐकलंत का? नेटफ्लिक्सवर रिचर्ड कर्टिसचा 'दॅट ख्रिसमस' नावाचा अॅनिमेशनपट आहे, त्यासाठी केलंय. संथ आहे, चाल सरळ, पट्टी फार पसरलेली नाही, एका सुरात गाता येईल असं. तुमच्या सगळ्या अटींत बसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, गाणं उदास आहे. सगळी तयारी आहे, झाड सजलंय आणि जे माणूस हवं ते नाही, असा भाव. एल्टन जॉनबरोबर त्याने २०२१मध्ये केलेलं 'मेरी क्रिसमस' त्या मानाने घंटा-बिंटा वाजवणारं होतं, त्यात गेलेल्यांची आठवण एका ओळीत येते आणि पुढे निघून जाते. इथे तसं नाही.

मंद्रसप्तक:

आत्ताच ऐकलं, दोनदा. गाणं म्हणून हेच सगळ्यात आवडलं. पण हॉस्पिटलात? ज्यांचं माणूस आत अॅडमिट आहे त्यांच्यासमोर हे गायचं म्हणजे जखमेवर मीठ. कुणी या बाजूचे आहेत का इथे, नर्सिंगमधले वगैरे?

माजी_सिस्टर_परळ:

मी आहे. परळला बरीच वर्षं वॉर्ड सांभाळला, आता निवृत्त.

मंद्रसप्तक बाळा, आजारी माणसासमोर सगळे मुद्दाम हसऱ्या चेहऱ्याने येतात, ते त्यांना कळत नाही असं समजू नकोस. आमच्या वॉर्डात नाताळला नर्सिंग स्कूलच्या मुली मेणबत्त्या घेऊन यायच्या, केरळच्या मुली जास्त, मल्याळम कॅरल म्हणायच्या. उड्या मारणारी गाणी झाली की पेशंट टाळ्या वाजवून कूस बदलायचे. संथ गाण्याला नातेवाईक खुर्ची ओढून बसायचे. रडायचेही. रडल्याने कुणाचं बीपी बिघडलेलं मी पाहिलं नाही. आयसीयूच्या दाराशी मात्र गाऊ नका, तिथे लोक डॉक्टर बाहेर यायची वाट बघत असतात, त्यांना कुठलंच गाणं नको असतं.

साडेआठचा_रेडिओ:

सिस्टरना पूर्ण अनुमोदन. आणि टिकलेली गाणी बघा ना. 'व्हाइट क्रिसमस' १९४२चं, युद्धात घरापासून लांब असलेल्या सैनिकांनी उचलून धरलेलं. त्यात बर्फ पडतच नाही, पडायला हवा होता अशी हुरहुर आहे. 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल क्रिसमस' १९४४च्या चित्रपटासाठी लिहिलं, तेव्हाचे मूळ शब्द इतके निराशेचे होते की जूडी गारलंडने गायला नकार दिला आणि ते बदलून घेतले. पुढे १९५७मध्ये सिनात्राने अजून एक ओळ बदलायला लावून ते आणखी हसरं केलं. तरी आतून ते उदासच राहिलं, म्हणून तर अजून ऐकतो. तुमचा तो 'लास्ट ख्रिसमस' तरी काय, प्रेमभंगाचंच गाणं आहे, वर घुंगरं बांधलीत इतकंच.

वसईकर:

थोडं अवांतर. आमच्या वसईत मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीतून, त्यामुळे कॅरलही मराठीतून. दरवर्षी चर्चच्या तरुण मंडळींपैकी कुणीतरी एखादं नवीन लिहितंच. काही कादोडी बोलीतली असतात, ती तर छापलीही जात नाहीत, एकाची वही दुसऱ्याकडे जाते. स्पॉटिफायवर काय सापडणार! यंदाचं आमचं अजून बसतंय, ढोलकीवाला ऐकत नाही.

अभंगवाणी_नगर:

वसईकर, आमच्या नगरकडे 'उपासना संगीत' हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडतात. त्यात रेव्हरंड टिळकांची भजनं. टिळक १९१९ला गेले, गाणी शंभर वर्षांवरची, पण टाळ-मृदंगावर धरली की कुणाला जुनी वाटत नाहीत. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

मंद्रसप्तक:

अवांतर आवडलं. पुढच्या वर्षी एक भजन क्वायरला शिकवायचा किडा डोक्यात सोडल्याबद्दल दोघांचे आभार. वसईकर, ढोलकीवाला ऐकेल तेव्हा चाल कशी आहे ते जरूर कळवा.

तर कालची प्रॅक्टिस. सॅम रायडर आणि शीरन, दोन्ही बाईंना ऐकवली. सॅम रायडरला सोप्रानोंनी टाळ्या धरल्या, पण खाली आणल्यावर त्यातली मजाच गेली. त्याचा जीव त्या वरच्या सुरात आहे. 'अंडर द ट्री' वाजवलं तेव्हा आमच्या पोर्टर दादांनी (खरा बास तो) न सांगता पहिली ओळ घेतली, पुस्तकात बघून, चष्मा कपाळावर. बाई म्हणाल्या, पहिलं कडवं याचंच.

सिस्टरताईंचं म्हणणं मी त्यांना भाषांतर करून सांगितलं. त्यामुळे ठरलं असं: हे गाणं फक्त मुख्य दाराशी, जिथून ज्याला नको तो चालत पुढे जाऊ शकतो. वॉर्डांबाहेर जुनी कॅरल. आयसीयूचा मजला पूर्ण वगळला. गेल्या वर्षी तिथे गायलो होतो, हे मला आत्ता लक्षात येतंय.

कोपऱ्यातला_पियानो:

छान. पट्टी कोणती घेताय? बासने सुरुवात केली तर सोप्रानो पुढे फार खाली जातील. त्याचं कडवं संपल्यावर कीबोर्डवर दोन मात्रांची जागा ठेवून एक सूर वर चढवा, मग सगळ्यांना घ्या. आणि नोटेशनच्या झेरॉक्स काढू नका, तिकडे प्रत्येक प्रत विकत घ्यावी लागते.

मंद्रसप्तक:

प्रती मागवल्या, पैसे क्वायरच्या डब्यातून. एक सूर चढवायची कल्पना बाईंना पटली, पण शेवटच्या कडव्याआधी चढवायचं म्हणतात. ऑल्टोंना तिथेच खाली 'ऊ' धरायला दिलंय.

स्टेटन_आयलंडची_काकू:

रेकॉर्डिंग टाकाल ना इथे?

मंद्रसप्तक:

नाही काकू, पेशंट फ्रेममध्ये येतात म्हणून हॉस्पिटलात रेकॉर्डिंगला परवानगी नाही. लीड्सकडे कुणी असेल तर १९ डिसेंबर, गुरुवार, दुपारी साडेबारा. येणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देते. टेनर असल्यास साडेअकरालाच या.