एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं पीएल पीक खाली सरकलंय. ट्रायॉन की ताण? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड चिकटपट्टीने सोलून सिलिकॉन वेफरवर घेतलंय. जाड स्फटिकात बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट) अप्रत्यक्ष, सुमारे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एकच थर उरला की तो प्रत्यक्ष होतो आणि एरवी मंद असलेला पदार्थ चांगला उजळतो. २०१० साली हे दाखवलं गेलं, आणि त्यासाठीच मी हा विषय घेतला.

रामनमधल्या (विखुरलेल्या लेझर प्रकाशातून अणूंची कंपनं मोजणं) दोन पीकमधलं अंतर १९ प्रति सेंमीच्या आसपास आहे. दोन थर असते तर २१-२२ आलं असतं, म्हणजे थर एकच. घोळ पीएलमध्ये (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेझर पडल्यावर पदार्थ देतो तो प्रकाश) आहे. ५३२ नॅनोमीटर लेझर, खोलीचं तापमान. ए एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी) १.८५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास अपेक्षित होता, पीक येतंय १.८१ला आणि कमी ऊर्जेच्या बाजूला पसरलेलं. ट्रायॉन (जादा इलेक्ट्रॉन चिकटलेला एक्सायटॉन) साधारण ३०-४० मिली-इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली असतो, ते जुळतं. पण सोलताना ताण बसला असेल तरी पीक खालीच येणार, लेझरने फ्लेक (सोललेला तुकडा) तापला तरीही. क्रायोस्टॅट (नमुना खूप थंड करायचं यंत्र) नाही, गेट (व्होल्टेजने इलेक्ट्रॉन कमी-जास्त करायचा इलेक्ट्रोड) लावायची सोय नाही. मग यातलं नेमकं काय, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद:

आधी बी पीक (ए पेक्षा जास्त ऊर्जेच्या दुसऱ्या एक्सायटॉनचं) बघा, २.०च्या आसपास असेल. ए आणि बी दोन्ही सारखेच सरकले असतील तर ताण किंवा उष्णता. बी जागेवर असून फक्त ए पसरला असेल तर संशय ट्रायॉनवरच घ्या.

मग रामनकडे परत या, नुसतं अंतर पुरत नाही. ३८४ जवळचं पीक ताणाला हळवं, ४०३ जवळचं जादा इलेक्ट्रॉनना. बंगळुरूच्या अजय सूद, उमेश वाघमारे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गेट लावलेल्या एकथरी ट्रान्झिस्टरवर हे दाखवलंय: इलेक्ट्रॉन वाढले की हे दुसरं पीक खाली येतं आणि रुंदावतं, पहिलं जवळजवळ हलत नाही. तुम्हाला गेटची गरज नाही, सिलिकॉनच्या ५२०.५च्या पीकवर कॅलिब्रेशन करून दोघांच्या जागा नीट मोजा.

लेझरची पॉवर टप्प्याटप्प्याने कमी करत न्या. पीक वर सरकलं म्हणून लगेच उष्णता म्हणू नका, पॉवर कमी झाली की ट्रायॉनचा वाटाही घटू शकतो. दोन्ही रामन पीकही सोबत वर गेले तरच उष्णतेचं नाव घ्या.

बी पीकची जागा आणि पॉवरचे आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.