माजी विद्यार्थी अंक: ६४ पानं, १५०० प्रती. आकार, अक्षरजुळणी आणि मांडणीबद्दल सल्ला हवा

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक अंकाची मांडणी माझ्याकडे आहे. आतली ६४ पानं आणि कव्हर, १५०० प्रती, जानेवारीच्या मेळाव्यात वाटायचा. मजकूर मराठी, दोन लेख अहिराणीतले. लेख श्री-लिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये), वर्डमध्ये, व्हॉट्सॲपवर असे येताहेत. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम करते. संपादक मंडळाला ए४ आकार आणि १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर हवाय. हे बरोबर आहे का? मराठी अक्षरं फुटू नयेत म्हणून काय काळजी घ्यावी? आणि अंक कार्यक्रमांचा अहवाल वाटू नये यासाठी मुळात काय बदलावं?

छापखाना_भुसावळ
ताई, ए४ चा आग्रह सोडायला सांगा. आपल्याकडे २३×३६ इंची कागद सहज मिळतो. त्याच्या अर्ध्या शीटवर, म्हणजे १८×२३ वर, एका बाजूला चार पानं बसवायची. ए४ ची उंची दोनदा घेतली तर ५९४ मिलिमीटर होते आणि २३ इंच म्हणजे ५८४. बसतच नाही. मग प्रेसवाला पान परस्पर लहान करतो आणि तुमचे समास बिघडतात. त्यापेक्षा सुरुवातीलाच ८.२५×१०.७५ इंच धरा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी जादा छपाई) ठेवूनही ग्रिपर (यंत्राची कागद धरायची पकड) आणि कलरबारला (रंग तपासायच्या पट्टीला) जागा उरते.

१७० जीएसएम आतल्या पानांना नको. सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) ६४ पानांत १६ शीट एकात एक दुमडलेली असतात. एवढा जाड कागद घडीवर तडकतो, अंक मिटून राहत नाही. ९० जीएसएम आत आणि २५० चं कव्हर मॅट लॅमिनेशनसह घेतलंत तर अंक साधारण १९५ ग्रॅमचा होतो. आत १७० घेतलात तर ३४० ग्रॅमच्या आसपास. बाहेरगावच्या प्रती टपालाने जाणार असतील तर हा फरक प्रत्येक पाकिटावर भरावा लागतो. कोऱ्या कागदाची डमी बांधून घ्या आणि ती पोस्टात वजन करून आणा.

कागदाचा हिशोब: पूर्ण शीटमध्ये १६ पानं, म्हणजे प्रतीला ४ शीट. १५०० प्रतींना ६००० शीट, म्हणजे ५०० शीटच्या १२ रीम. आठ फर्मे (अर्ध्या शीटच्या दोन्ही बाजूंची आठ पानं म्हणजे एक फर्मा) लावताना वाया जाणारा कागद धरून एक रीम जास्त मागवा.

पैसे वाचवायचे असतील तर सगळे फर्मे चाररंगी करू नका. चाररंगी फर्म्याला दोन्ही बाजू मिळून ८ प्लेट लागतात, एकरंगीला २. पण सेंटर पिनमध्ये पान १ ते ४ आणि ६१ ते ६४ एकाच फर्म्यात येतात, ५ ते ८ च्या जोडीला ५७ ते ६०. रंगीत पान कुठे पडणार हे मजकूर लावण्याआधी ठरलेलं असावं. आणि मधली पानं कापणीत दीड-दोन मिमी आत जातात, म्हणून पानांक बाहेरच्या कडेपासून १० मिमी तरी आत ठेवा.

वेळेचंही बघा. दिवाळीआधी प्रेस दिवाळी अंकांत गुंतलेले, नंतर कॅलेंडर आणि लग्नपत्रिका. जानेवारीचा अंक असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत अंतिम पीडीएफ हातात द्या.

रफार_वेलांटी
अक्षरजुळणीचं सांगतो. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशन भागात वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडा, प्रत्येक स्टाइलला. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं हलंत दिसतात. भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श भाषा पाहून येतात. लेखांना तिरो देवनागरी मराठी आणि चौकटी-मथळ्यांना मुक्ता, एवढ्यावर अंक निभतो. तिसरा फॉन्ट आणू नका.

श्री-लिपीचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्यावर रफार, ऱ्य-ऱ्ह, अवतरणचिन्हं आणि आकडे हमखास बदलतात. हे चार प्रकार शोधून तपासायचे, मग वाचन. अहिराणी लेखांवर स्पेलचेक बंद ठेवा. मुद्रितशोधकाला बजावून सांगा की प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करायचं नाही. प्रूफ अहिराणी बोलणाऱ्यालाच दाखवा.

जुन्या तुकड्यांचे लोक वाचणार आहेत, तर ११ पॉइंटला १६ चं लीडिंग (ओळींमधलं अंतर) द्या. वरचा रफार आणि खालचा उकार भिडले की पान गिचमिड होतं. लेख दोन कॉलमांत लावा. बातम्या तीन कॉलमांत लावल्या तर डावीकडे जुळवा, दोन्हीकडे नको: विभक्ती लागून आपले शब्द लांब होतात, अरुंद कॉलममध्ये मधे भोकं पडतात.

वर्डमधून आलेला काळा रंग बहुधा आरजीबी (पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीचा) असतो. तो चार प्लेटांवर फुटतो आणि जरा रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हललं की अक्षराला रंगीत कड दिसते. सेपरेशन्स प्रीव्ह्यूमध्ये (प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी दाखवणाऱ्या सोयीत) काळी प्लेट बंद करून सगळी पानं पाहा. तरीही मजकूर दिसत राहिला, तर तिथे चूक आहे.

पांझरा
मूळ प्रश्न तिसरा आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, व्यासपीठावरची रांग, हेच फोटो हाती आले तर कितीही चांगला ग्रिड लावा, अंक अहवालच वाटणार. मांडणीकाराला शेवटी बोलावतात, तिथेच बिघडतं. तुम्ही आधी ६४ चौकोनांचा पानांचा नकाशा काढा आणि त्यात कोणते फोटो *नव्याने काढून घ्यायचे* ते लिहा.

माजी विद्यार्थ्याचा फोटो तो जिथे काम करतो तिथे घ्या. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, भुसावळच्या लोको शेडमध्ये, नंदुरबारच्या मिरची पथारीवर, जळगावच्या डाळमिलमध्ये. परवानगी आधी घ्यायची. रेल्वेच्या आवारात तर लेखी. उन्हाळ्यात फोटो काढायचे असतील तर सकाळी आठच्या आत, नंतर चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. प्रत्येकाचे तीन फोटो मागा: काम करताना, हातांचा किंवा साधनाचा जवळून, आणि आजूबाजूची जागा दाखवणारा. असे पाच-सहा जण मिळाले की अंकाला कणा मिळाला. कव्हरवर यातलाच एक, पूर्ण पानभर. इमारतीचा फोटो कव्हरवर नको, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे.

कार्यक्रमांचे फोटो कार्यालयाला नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, लागतात. ती गरज खरी आहे, म्हणून त्यांचा वेगळा पीडीएफ अहवाल करून द्या. अंकात त्यांना शेवटची चार पानं पुरे.

बॅचवार बातम्यांत पूर्ण नाव, उत्तीर्ण वर्ष आणि गाव हवंच. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन इतके आहेत की आद्याक्षरांवरून माणूस ओळखू येत नाही. फोन नंबर मात्र संमतीशिवाय छापू नका.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. पांझरा, मंडळापुढे पानांचा नकाशा ठेवते. जुन्या तुकड्यांचे ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवरच येताहेत, त्यांचं काय करू? आणि ९० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला साधा कागद) की मॅट आर्ट (लेपाचा, कमी चकाकणारा)?

छापखाना_भुसावळ
फोटो इतके असतील तर मॅट आर्ट. मॅपलिथो शाई पितो, चेहरे काळवंडतात. त्यावरच छापायचं ठरलं तर फोटोंचे मधले टोन आधी उजळवा आणि एकूण शाई २६० टक्क्यांच्या आत ठेवा.

पांझरा
मॅपलिथोच्या बाजूने एक सांगायला हवं. लांब लेख वाचायला तोच बरा, चकाकत नाही. एकरंगी फर्मे मॅपलिथोवर आणि रंगीत मॅट आर्टवर असंही करता येतं, फक्त दोन्ही कागदांची जाडी हाताने चाचपून पाहा.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो जेमतेम सव्वापाच इंच छापतो, तीस जणांच्या ग्रुपमध्ये चेहरे कळत नाहीत. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. त्याहून बरं म्हणजे मूळ फोटो मागवून ६०० डीपीआयला स्कॅन करा, दुप्पट मोठा छापता येतो. जुन्या अंकातला छापील फोटो स्कॅन करणार असाल तर स्कॅनरमधलं डीस्क्रीन चालू ठेवा, नाहीतर जाळी उमटते. परत द्यायच्या फोटोच्या मागे पेनने लिहू नका, पाकिटावर नाव घाला. आणि रांगेतली नावं डावीकडून उजवीकडे, प्रूफ निघण्याआधी त्या तुकडीतल्या दोघांकडून तपासून घ्या.